न मागता आलेला खोका

माळ्यावर पितळी समयांच्या शेजारी, जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेला एक पुठ्ठ्याचा खोका दिसतोय ना, तो मी. माझ्या कडा आता गोल झाल्या आहेत. एका कोपऱ्याला खळीनं चिकटवलेल्या कागदाचं ठिगळ आहे, आणि अंगावरचं भलंमोठं प्रश्नचिन्ह हळदीच्या बोटांनी निम्मं झाकून गेलं आहे. तरीसुद्धा मित्रांनो, बीदरच्या नौबादमधल्या या घरात वर्षातून एकदा मला दोन्ही हातांनी खाली उतरवतात, आणि उतरवण्याआधी हात धुतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला एवढा मान सहसा कुणी देत नाही. मला तो कसा मिळाला, ते सांगतो.

माझा जन्म रद्दीतून झाला. मुलांच्या भरलेल्या वह्या, शिळी वर्तमानपत्रं, होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका असं सगळं भिजवून, कुटून, त्याचा लगदा करून कारखान्यात माझा पुठ्ठा लाटला. त्यात एखाद्या जुन्या पंचांगाचं पान नक्की असणार. नाहीतर मी नेमक्या या घरात येऊन पडलो नसतो.

तिथून मी हैदराबादच्या बाहेरच्या एका मोठ्या गोदामात गेलो. कलाकुसरीचं सामान फोनवरून विकणाऱ्या दुकानाचं ते गोदाम. माझ्या आजूबाजूच्या खोक्यांवर सुंदर चित्रं होती. कुणावर मण्यांची माळ, कुणावर रंगांच्या बाटल्या. माझ्यावर फक्त एक काळं प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'उघडल्यावर परत घेतला जाणार नाही'. आमच्यात उरलंसुरलं भरत. ज्या रंगाची रिबन कुणी घेतली नाही, ज्या सणाचं सामान सण सरल्यावर पडून राहिलं, ते एकेक मूठ आमच्या पोटात जाई, वरून चिकटपट्टी लागे, आणि आम्ही निम्म्या किमतीत विकायला तयार. आत काय आहे ते कुणीच सांगायचं नाही. शेजारचे खोके आम्हाला हसत. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्यांच्या अंगावर मण्यांचं चित्र होतं त्यांच्यातून मणीच निघणार होते. माझ्यातून काय निघेल, ते मला भरणाऱ्या मुलीलासुद्धा आठवत नव्हतं.

आता मी ज्यांच्या हाती आलो त्यांच्याविषयी.

या घरात कुसुमताई राहतात. बोलणं इतकं हळू की पंखा चालू असला तर जवळ जाऊन ऐकावं लागतं. पहाटे स्नान, मग तुळशीला पाणी, मग देवासाठी कापसाचं एक वस्त्र. कापूस पिंजून, कुंकवाच्या पाण्याचं बोट लावून, मधे मधे मणी-टिकल्या ओवून त्या रोज एक माळ करतात. शेजारच्या कानडी कमलम्मा त्याला गेज्जेवस्त्र म्हणतात. आणि आषाढातल्या एकादशीपासून कार्तिकापर्यंत कुसुमताईंचं अयाचित व्रत असतं. अयाचित म्हणजे न मागितलेलं. त्या चार महिन्यांत त्या कुणाकडे काही मागत नाहीत. पानात पडेल ते जेवतात. भाजी अळणी झाली तरी मीठ मागत नाहीत. दुकानात गेलं की 'अमुक द्या' म्हणावं लागतं, म्हणून दुकानाची पायरीही चढत नाहीत.

त्यांची नात श्रीलक्ष्मी त्यांचं व्रत मोडायला फार टपलेली असते. पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवते आणि समोर बसून विचारते, "आजी, काही पाहिजे का?"

"न्हाई ग. तू आहेस की," असं म्हणून आजी कोरडाच घास गिळतात. मग श्रीलक्ष्मीच उठून तांब्या आणते.

मी यायच्या आधी, ऐन त्या व्रताच्या दिवसांत, या घरावर एक प्रसंग आला होता. भाद्रपदात गौरींच्या, म्हणजे आपल्याकडच्या महालक्ष्म्यांच्या, दोन उभ्या मूर्ती मांडतात आणि त्यांच्या पुढ्यात एक मुलगा, एक मुलगी अशी त्यांची बाळं बसवतात. कुसुमताईंच्या घरच्या लक्ष्म्या हुलसूरला, थोरल्या मुलाकडे उभ्या राहत. थोरली सून सुधारानी त्यांचं सगळं करी. त्या वर्षी ते घर पाडून नवं बांधायला काढलं, म्हणून कुसुमताई आणि लक्ष्म्या, सगळ्याच नौबादला धाकट्या नरसिंहाकडे आल्या. पितळी मुखवटे नीट आले. साड्या आल्या. टेम्पोतून उतरवलेलं शेवटचं गाठोडं सोडलं, तर आत मातीच्या बाळांचे तुकडे होते.

कुसुमताईंनी ते तुकडे ओच्यात घेतले आणि तुळशीच्या मातीत नेऊन ठेवले. नरसिंह म्हणाला, "आई, मी उद्याच बाजारातून नवी आणतो की."

"माझं तोंड बघून आणू नको," त्या म्हणाल्या. "तोंडानं मागितलं काय आन्‌ तोंडावर दिसलं काय, एकच."

धाकटी सून विनीता मधे पडली, "अहो, पण लक्ष्म्यांच्या पुढ्यात लेकरं न्हाईत म्हणजे कसं दिसंल?"

"कसं दिसायचं ते दिसंल. येणारं असलं तर येईल."

पण त्या दिवसापासून वस्त्र वळताना त्यांची बोटं मधेच थांबत, आणि लक्ष्म्या मांडायच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेकडे त्या बघत बसत. घरातल्या सगळ्यांना कळत होतं, आणि कुणाला काही करता येत नव्हतं. आणलं तर व्रत मोडणार, नाही आणलं तर पुढा रिकामा राहणार.

त्यानंतर मला मागवलं, तो प्रसंग कमलम्मांनी इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथंच होतो असं आता मला वाटतं. विनीता जनवाड्याच्या शाळेत शिकवते. शाळेतून येऊन ती फोन बघत बसली होती. कमलम्मा कढीपत्त्याची पानं काढत होत्या. कुसुमताईंच्या हातात कापूस होता.

"आई, हे बघा," विनीता म्हणाली. "आराशीचं सामान मिळायलंय. बंद खोका, निम्म्या किमतीत. आत काय हाय ते न्हाई सांगत."

"मग काय म्हणून घ्यायचं ते?" कमलम्मांनी विचारलं.

"काहीच म्हणून घ्यायचं न्हाई. जे येईल ते."

कुसुमताईंची बोटं थांबली. "म्हणजे अमुक पाहिजे असं सांगायचंच न्हाई?"

"सांगायची सोयच न्हाई, आई."

"मग घे."

कमलम्मा हसल्या. "अक्का, व्रताला मागचं दार काढायलाव की तुम्ही. देवाला कळत न्हाई व्हय?"

"कळतंय की. आत काय भरायचं ते त्यानंच ठरवायचंय."

"गोदामातली पोरं भरत्यात हो, देव कशाला भरतोय."

"पोरांचे हात कोण हलवतंय, कमलम्मा?"

कमलम्मांनी डोळे बारीक करून कढीपत्त्याची रिकामी काडी बाजूला टाकली आणि दुसरी उचलली. अशा रीतीनं मी या घरात यायला निघालो.

मला आणणाऱ्या माणसानं दारात मला कानाशी धरून हलवलं. "लई वाजायलंय अक्का. काय हाय ह्यात?"

"मला बी माहीत न्हाई," विनीता म्हणाली.

"तुमच्याच नावाचं हाय न्हवं? तुम्हीच मागवलं असंल."

"मागवलं न्हाई, आलंय," आतून कुसुमताईंचा हळू आवाज आला. तो माणूस कधी माझ्याकडे, कधी दाराकडे बघत, सही घेऊन निघून गेला.

कुसुमताईंनी मला लगेच फाडलं नाही. देवासमोर पाटावर ठेवलं, प्रश्नचिन्हाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि मग सुरीऐवजी नखानं हळूहळू चिकटपट्टी सोडवली. श्रीलक्ष्मी मांडी घालून पुढे सरकली होती. नरसिंहही ऑफिसला जाता जाता थांबला. मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला जराही धाकधूक नव्हती. उघडण्याआधीच ज्या खोक्याला हळदीकुंकू लागलं, त्यानं कशाला घाबरायचं.

पहिल्यांदा सोनेरी मणी निघाले. मग टिकल्यांची पुडी, जरीची दोरी. कुसुमताईंचा चेहरा उजळला. त्यानंतर लोकरीचे गुलाबी गोंडे निघाले, आइस्क्रीमच्या असतात तसल्या लाकडी काड्यांचा जुडगा निघाला, आणि टोपी घातलेले, गाजराच्या नाकाचे पांढरे कापडी बाहुले.

"हे कोण?" कुसुमताईंनी विचारलं.

"बर्फाचे बाहुले, आजी. थंड देशात करतात."

"बर्फाचे? बीदरात?"

शेवटी तळाशी दोन वस्तू राहिल्या. एक काळ्याभोर चकचकीत रिबनीचं मोठं रीळ. आणि एक पुडी, तिच्यात प्लॅस्टिकचे पांढरे डोळे, आत काळी बुबुळं सैल सोडलेली. पुडी हलली की सगळे डोळे एकदम वेगवेगळीकडे बघत.

नरसिंह म्हणाला, "आई, तुझ्या देवानं नजर ठेवायची पक्की सोय केलीय बघा." श्रीलक्ष्मी हसून लोळली.

विनीता मात्र ओशाळली. "परत बी घेत न्हाईत हे. मणी-टिकल्या तेवढ्या ठेवू, बाकीचं मी शाळेत पोरांना देते."

कुसुमताईंनी मान हलवली. "न मागता आलेल्यातलं निवडायचं नसतं, विनीता. मला हे नको, ते पाहिजे म्हणलं, की ते मागणंच झालं. सगळं ह्याच घरात लागंल. जागा सापडंल."

मित्रांनो, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली, आणि लक्ष्म्या यायच्या दिवसापर्यंत माझ्या पोटातली प्रत्येक वस्तू आराशीत बसवायचं ठरलं. गोदामात माझ्याच पोटातल्या सामानाला कुणी विचारलं नव्हतं. इथं त्यातल्या एका काडीलाही बाजूला टाकायचं नव्हतं.

मग घरात कामाला रंग चढला. मणी आणि टिकल्या वस्त्रांत गेल्या. गुलाबी गोंड्यांचं तोरण झालं. काड्यांचं श्रीलक्ष्मीनं कुंपण केलं, त्याच्या आत मातीचं अंगण आणि बोटभर तुळस. बर्फाच्या बाहुल्यांना तिनं जरीच्या दोरीची मुंडाशी बांधली, कपाळाला उभं कुंकू लावलं, आणि हातात काड्यांच्या सनया दिल्या. गाजराचं नाक असलेले वाजंत्री लक्ष्म्यांच्या वाटेवर रांगेनं उभे राहायला तयार झाले. कमलम्मा बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना घाम फुटला बघा अक्का, मांडवात."

पण त्यांची नजर त्या काळ्या रिळावर गेली आणि त्यांचं हसू थांबलं. "अय्यो, हे काळं लक्ष्मीपुढं लावणार व्हय? आन्‌ ते डोळे? हुलसूरची तुमची थोरली सून येणार न्हवं दर्शनाला? तिचं तोंड मी ऐकलंय. 'माझ्या हातच्या लक्ष्म्या नेल्या आन्‌ काळं लावून उभ्या केल्या' म्हणंल ती."

कुसुमताई म्हणाल्या, "जागा सापडंल." पण आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

विनीताच्या मनाला मात्र ते लागलं. या घरात लक्ष्म्या पहिल्यांदाच तिच्या हातून उभ्या राहणार होत्या. जाऊबाई काय म्हणतील याची धास्ती तिला आधीपासूनच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई तुळशीपाशी असताना ती देवघरात आली, माझं झाकण उचललं, रीळ आणि डोळ्यांची पुडी काढून शाळेच्या पिशवीत टाकली. वाईट हेतू नव्हता. सासूबाईंची अडचण आपण गुपचूप सोडवतोय, असंच तिला वाटत होतं. मला सगळं दिसत होतं. खोक्याला तोंड असतं, पण ते फक्त दुसऱ्यांनी उघडायचं.

थोड्या वेळानं कुसुमताई आल्या. त्यांनी आत हात घातला. तळ चाचपला. पुन्हा एकदा चाचपला. मग हात तसाच आत ठेवून त्या बसून राहिल्या.

आणि इथं खरी अडचण झाली, मित्रांनो. आलेलं निवडायचं नाही, म्हणून त्या दोन वस्तू घरात असायलाच हव्या होत्या. आणि मागायचं नाही, म्हणून 'त्या कुठं गेल्या, आणून द्या' असंही म्हणता येत नव्हतं. त्या उठल्या. माझ्या झाकणाची चारही पाखं उघडी ठेवली आणि तशीच राहू दिली.

त्या दिवशी विनीता शाळेतून आली तेव्हा मी देवासमोर उघडा होतो. दुसऱ्या दिवशीही उघडा. ती उदबत्ती लावायला आली की माझ्या रिकाम्या तळाकडे बघे आणि नजर काढून घेई. एकदा तिनं मला हळूच बंद केलं. तासाभरानं आली तर मी पुन्हा उघडा. कुसुमताई तिच्याशी नेहमीसारख्याच बोलत, तिनं वाढलेलं जेवत, तिच्या स्वयंपाकाला नावाजत. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हाही व्रताचाच भाग होता. फक्त कापूस वळायला बसल्या की त्या वस्त्राला मणी लावत नव्हत्या. साधं पांढरं वस्त्र देवाला जाई.

श्रीलक्ष्मीनं ते ओळखलं. "आई, आजी मणी कामून लावत न्हाई?"

विनीतानं हातातलं काम टाकलं. ती आत गेली, पिशवी आणली आणि कुसुमताईंच्या समोर बसली. रीळ आणि पुडी काढून माझ्या तळाशी ठेवली. शाळेच्या कपाटात ठेवू म्हणता म्हणता त्या वस्तू रोज तिच्या पिशवीतून तशाच परत येत होत्या.

"वैनी काय म्हणतील म्हणून नेलं होतं मी, आई," ती म्हणाली. "तुम्ही मला बोलायचं तरी. एकदा ईचारायचं तरी."

"कसं ईचारू ग?" कुसुमताई म्हणाल्या. "आता आलंय न्हवं, न ईचारता."

विनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिनं मान खाली घातली, तर पुडीतले सगळे डोळे तिच्याकडेच बघत होते. तिला हसू फुटलं. मग कुसुमताईंनाही.

श्रीलक्ष्मी तिथंच होती. मोठ्यांचं बोलणं चाललं की मुलांचे हात मोकळे राहत नाहीत. आजीनं पिंजून ठेवलेल्या कापसाचा एक गोळा तिनं घेतला, पुडीतून दोन डोळे काढले आणि गोळ्याला खळीनं चिकटवले. "बघा, हा माझ्याकडं बघायलाय."

कुसुमताईंनी तो गोळा हातात घेतला. तो त्यांच्याकडे बघू लागला. जरासा हलवला, तर त्यानं आजीकडून आईकडे पाहिलं. मग त्यांनी आणखी कापूस ओढला आणि त्यांची बोटं चालू लागली. वळलेल्या वातींचे हात झाले, पाय झाले, गुडघ्यात मुडपलेले. दोन अंगं झाली. एकाला जरीचं टोपडं, एकीच्या मनगटात मण्यांची बिंदली. तीच बोटं, जी रोज देवाचं वस्त्र वळत होती, त्यांनी देवीची लेकरं वळली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं.

"काळं राह्यलं की, आजी," श्रीलक्ष्मी म्हणाली. "रिबन."

कुसुमताईंनी रीळ उचललं आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "राहतंय कशाला? लक्ष्मीला काळं चालत न्हाई ग. पण लेकराला काळ्याबिगर चालतं का?"

त्यांनी रिबनीच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि दोन्ही बाळांच्या कमरेला करगोटा बांधला. तुम्हीही तान्हे होता तेव्हा तुमच्या कमरेला असाच काळा दोरा होता, मित्रांनो, आईला विचारा. दोघांच्या गालावर नखाएवढा काळा तुकडा लावला, तीट म्हणून. हातात, पायात, जिथं म्हणून दृष्ट लागायची भीती तिथं काळं बांधलं. तरी रीळ उरलं. मग त्यांनी मला पुढे ओढलं. माझी वरची दोन पाखं आत दुमडली, दोन बाहेर झुकवली, आणि उरलेल्या काळ्या रिबनीची दोरी माझ्या चारही कोपऱ्यांतून ओवली.

मी पाळणा झालो.

ज्या मुलीनं मला भरलं, तिनं काय भरलं होतं ते आता कळलं. बाळांचे डोळे, त्यांचे करगोटे आणि त्यांचा पाळणा. उघडताना कुणालाच दिसलं नव्हतं.

लक्ष्म्यांच्या आवाहनाचा दिवस आला. दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं उमटली, वाजंत्री बाहुले दुतर्फा उभे राहिले, आणि विनीतानं मुखवटे आत आणले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पुरणाचा, आंबिलीचा नैवेद्य झाला. बायका बघायला येत होत्या. मी पुढ्यात, पाटावर, दोन्ही बाळं पोटाशी धरून होतो. बाळं येणाऱ्या प्रत्येकीकडे टकामका बघत, आणि ती बाई आधी दचके, मग हसे, मग हळदीकुंकवाचं बोट त्यांनाही लावून जाई.

दुपारी सुधारानी आली. कमलम्मा दारातच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, एक शब्द चुकवायचा नाही म्हणून. सुधारानीनं लक्ष्म्यांना डोकं टेकवलं. साड्यांच्या निऱ्या बघितल्या. वाजंत्री बघितले. मग ती माझ्यापाशी आली आणि वाकून बाळांकडे बघत राहिली. काळे करगोटे बघितले, गालावरची तीट बघितली.

विनीताच्यानं राहवलं नाही. "वैनी, ते काळं..."

"लेकरांना असतंय की काळं," सुधारानी म्हणाली. मग कुसुमताईंकडे न बघता विचारलं, "आई, माझी बाळं फुटली न्हवं?"

कुसुमताईंनी तुळशीकडे पाहिलं.

"टेम्पो गेला आन्‌ मी खोलीत आले, तर बाळांभोवती गुंडाळायची गोधडी पलंगावरच. मीच विसरले होते. म्हणलं, आज फोन येईल, उद्या येईल. आई न्हाई बोलल्या तर विनीता तरी बोलंल मला. कुणी एक शब्द बोललं न्हाई. तुम्ही भांडला असताव तर बरं वाटलं असतं."

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आतून गोधडीत गुंडाळलेली दोन मातीची बाळं निघाली, नवी कोरी, कुंभाराकडून करून घेतलेली. रंगाचा वास अजून गेला नव्हता. ती त्यांना हातात धरून उभी राहिली. पण माझ्या पोटातल्या जागेकडे बघून तिचा हात मागे आला.

"इथं तर बसलेत की लेकरं. ही राहू द्या. नेते मी परत."

तिच्या आवाजात राग नव्हता. लक्ष्म्या तिच्या घरून गेल्या होत्या, आणि आता बाळांनाही तिच्या हातची जागा नव्हती, असं ते बोलणं होतं. मला ते ऐकवेना.

कुसुमताई उठल्या. चार महिन्यांत त्या कधी कुणाच्या पुढे हात करत नाहीत. त्या दिवशीही केला नाही. त्यांनी फक्त माझ्यातली कापसाची बाळं एका अंगाला सरकवली आणि शेजारी जागा केली.

"न मागता आलेलं परत न्यायचं नसतं, सुधा," त्या म्हणाल्या. "गोधडी खाली घाल आधी. पुठ्ठा टोचंल त्यांना."

सुधारानीनं गोधडी माझ्या तळाशी अंथरली. मातीची बाळं आत आली. ती चांगली जड होती, माझा तळ जरा खचला. मी कडा घट्ट आवळून धरल्या. लक्ष्म्यांपुढे चार लेकरं बसली, दोन गंभीर मातीची आणि दोन टकामका बघणारी.

"यंदा लक्ष्मीला भरभरून झालं बघा," कमलम्मा दारातून म्हणाल्या. "आता बारसं कुणाच्या घरी?"

"माझ्या," सुधारानी म्हणाली. "नव्या घरात. स्लॅब पडला की."

आणि विनीतानं तिला पुरणाचं ताट वाढलं, न विचारता.

त्यानंतर नवं घर झालं, बारशाची खीरही झाली. लक्ष्म्या आता एक वर्ष हुलसूरला आणि एक वर्ष नौबादला उभ्या राहतात. मी दोन्हीकडे जातो, कुसुमताईंच्या मांडीवर बसून. माझ्याबरोबर गोदामात होते ते चित्रांचे खोके कधीच रद्दीत गेले असतील. मीही पुठ्ठाच आहे. पाण्याचा एक तांब्या माझ्यावर सांडला तर माझी गोष्ट संपेल. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. घरात बंद खोका आला तर तो कानाशी धरून हलवू नका. उघडलात, आणि आत नको ते निघालं, तर लगेच बाजूला टाकू नका. त्याची जागा कुठंतरी असते, ती दिसायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला द्या. आणि रिकाम्या खोक्याला पायानं दाबून चपटा करण्याआधी एकदा त्याच्या पोटात बघा.

या वर्षी मला माळ्यावरून उतरवलं तेव्हाची गोष्ट. धोतर सोडलं, झाकण उघडलं, तर कापसाच्या मुलीचा एक डोळा गळून पडला होता. श्रीलक्ष्मी आता मोठी झाली आहे, तरी तिचा चेहरा रडवेला झाला. असले डोळे आता कुठं मिळणार? कुसुमताईंचं व्रत चालू होतं. माझ्या त्या ठिगळ लावलेल्या कोपऱ्यात त्यांनी सवयीनं बोट फिरवलं.

डोळा तिथंच होता. मी वर्षभर धरून ठेवला होता. कुणाला मागावा लागला नाही.